काळ्या मेंढीचं कातडं

माझी मावशी बारा वर्षं अंथरुणाला खिळून होती. मग काळी मेंढी कापली, तिचं वाफाळतं कातडं मावशीच्या पाठीला गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी मावशी लांडग्यामागे जी पळाली, ती त्याला शेपटी धरून अंगणात घेऊन आली. दमला होता तो लांडगा. मावशी नाही.

ही गोष्ट मी गावात शंभरदा तरी सांगितली असेल. लोक हसतात, चहाची आणखी एक वाटी घेतात. त्या दिवशीही हसवायलाच सांगितली. चहा ओतत होती माझी सून, बेगायम.

बेगायमचं अंग तीन वर्षं दुखत होतं. आधी खांदे, मग कंबर, मग कुठे दुखतं हे सांगायला जागाच उरली नाही. झोपून उठायची तीच जणू रात्रभर दगड वाहिल्यासारखी. काराकोल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हाडांचे फोटो काढले. सगळं ठीक. म्हणाल्या, "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. दुखणं खरं आहे, नाटक नाही. हिच्या नसा साध्या स्पर्शाचीसुद्धा बोंब ठोकतात. मुळापासून जात नाही, पण सांभाळता येतं. रोज थोडं चालायचं, वेळेवर झोपायचं, गरम पाण्यात बसायचं, आणि काम थांबत थांबत करायचं."

आमच्या शेजारणीनं यातलं एवढंच उचललं. "रक्त ठीक ना? मग आळस आहे!"

तर बेगायमनं माझ्या मुलाकडे, तिलेककडे, एकच मागणं मागितलं होतं. यंदाचा उन्हाळा मी खालीच राहते. बहिणीकडे. तिच्या गावात गरम झरा आहे. वर कुरणावर अकरा घोड्या, दर दोन तासांनी दूध काढायचं, एक गुडघा टेकून, बादली मांडीवर धरून. ते यंदा नको.

तिलेक जवळजवळ 'हो' म्हणाला होता.

आणि त्याच दिवशी मी मावशीचा लांडगा सोडला.

माझे थोरले दीर जुमाकादिर यांनी मांडीवर थाप मारली. "अरे, काळी मेंढी आपल्याकडे आहे की! पोरीला बहिणीच्या दारात कशाला बसवता?"

"भावोजी, अहो, गोष्ट आहे ती," मी म्हटलं.

"गोष्टच ना? मग आता खरी करू."

मेंढी कापली. बेगायमला पालथं झोपवून कातडं पाठीवर घातलं, वरून लोकरीचे दोन जाड नमदे. दोन तास ती त्यात घामानं भिजत पडली. बाहेर मटण रटरटत होतं, निम्मी गल्ली जमली होती. मग तिला बाहेर आणलं, लाल, थरथरती. दीर आशीर्वादाला बसले. अठरा माणसांनी तळवे आभाळाकडे केले.

"गेलं ना दुखणं, पोरी?"

आमच्यात तळवे असे वर गेले, की आशीर्वाद पुरा होऊन तोंडावरून फिरल्याशिवाय खाली येत नाहीत. मेंढी पोटात, थोरले समोर, अठरा जणांचे हात हवेत. कोणती सून 'नाही' म्हणेल? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या तळव्यांकडे पाहिलं.

"गेलं, आबा."

"ओमीन!" अठरा तोंडांवरून हात फिरले.

चौथ्या दिवशी आम्ही कुरणावर होतो.

मी तिलेकला गाठलं. "अरे, मावशीची गोष्ट थाप होती. ती अंथरुणातच गेली."

तो हसून हसून वाकला. आमच्यात आईला आणि सासूला अपा म्हणतात. "अपा, गेल्या खेपेला लांडगा आणलात. आता मावशीलाच मारलंत?"

दिरांना सांगितलं. ते हसले नाहीत. "आशीर्वाद दिलाय. तो परत घ्यायला लावतेस का मला?"

मग मीच बादली घेऊन घोडीखाली बसले. घोडीनं मला लाथेनं उलथवलं, दूध गवतात. तिलेक ओरडला. बेगायम उठली, बादली उचलली आणि गुडघा टेकला. टेकताना तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. पूर्वी निघायचा.

"मला तरी सांग ना, दुखतंय म्हणून," मी म्हटलं.

"कशाला, अपा? मी बरी झालेय ना." आणि पान्हा फुटावा म्हणून पुढच्या घोडीचं शिंगरू सोडलं.

उन्हाळा सरता सरता पलीकडच्या खोऱ्यातून एक बाई आली. सोबत तिची सून, विशीची, कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, वाटी दोन्ही हातांनी धरलेली.

"हिलाही तसंच होतं," बाई म्हणाली. "तुमच्या सुनेचं ऐकलं." मग बेगायमकडे वळली, "खरंच बरी झालीस का गं?"

दीर तिथेच बसले होते. तिलेक खोगीर शिवत होता.

"खोटं आहे सगळं!" मी ओरडले. "बाई, ऐका माझं, त्या कातड्यानं काही होत नाही. पोरीला डॉक्टरकडे न्या, गरम पाण्यात बसवा, जरा निजू द्या!"

बाई खळखळून हसली. "तुमच्याबद्दलही ऐकलंय हो!"

ती पोर हसली नाही. ती बेगायमकडे बघत होती, श्वास धरून.

बेगायमनं वाकून तिची वाटी भरली. कमरेत वाकताना तिचे ओठ पांढरे पडले, ते मी पाहिलं. त्या पोरीनंही पाहिलं.

"झाले," बेगायम म्हणाली. "बरी झाले."