ओळखणाराची सही

कल्याणच्या एका कचेरीबाहेर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आबा कर्णिकांचं टेबल होतं. आबा परवानाधारक अर्जनवीस. म्हणजे लोकांचं म्हणणं सरकारला समजेल, पण ज्याचं त्याला समजणार नाही, अशा भाषेत लिहून देणारे. त्यांच्या हाताखाली डोंबिवलीजवळच्या गावातली मालन गायकर तीन वर्षं शिकत होती. आईसारखं मिठागरावर उन्हात राबायचं नाही, आपल्या नावाच्या पाटीखाली सावलीत बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

पहिलं वर्ष 'सदरहू' शिकण्यात गेलं. तो शब्द अंगात इतका भिनला, की घरी जेवताना ती म्हणाली, "आई, सदरहू मासळीचं कालवण खारट झालंय."

"सदरू कोन गो?" आई मनुबाई म्हणाली. "ताटान तं निवट्या हायेत."

दुसऱ्या वर्षी आबांनी धंद्याचं मर्म सांगितलं. प्रत्येक प्रतिज्ञापत्राखाली 'मी यांना व्यक्तिशः ओळखतो' असं लिहून कुणीतरी सही करावी लागते. आबा दिवसाला तीसेक माणसांना व्यक्तिशः ओळखत. मात्र ओळखीचं माणूस आलं की हात जोडत.

"ओळखीच्या माणसाची ओळख कधी पटवू नये, मालन. त्याचे गुण आपल्याला ठाऊक असतात, शपथेवर खोटं बोलावं लागतं. अनोळखी माणसाचं काहीच माहीत नसतं. सही करताना मन कसं स्वच्छ राहतं."

मालनला ते मनापासून पटलं. घात तिथेच झाला.

एकोणनव्वद सालच्या मार्चात तिने परवान्याचा अर्ज भरला. शेवटची मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. तळाशी चौकट होती : 'अर्जदारास व्यक्तिशः ओळखणाराची सही'. तिने कागद आबांपुढे सरकवला.

"मी?" आबांनी चष्मा काढला. "अगं, तीन वर्षं तुला ओळखतोय मी! मला कशी चालेल सही?"

बरोबरच होतं. मालन अनोळखी माणूस शोधायला निघाली. पण एस.टी. स्टँडवर काळुराम कंडक्टर ओरडला, "काय गो मालन, आज सुट्टी?" बाजारात आवडाबाई मासळीच्या पाटीमागून म्हणाली, "आपल्या मनूची ना गो तू?" सगळं कल्याण तिला ओळखत होतं. त्यामुळे तिला ओळखणारं कुणीच नव्हतं.

साडेचारला ती रडवेली होऊन परतली, तर टेबलापाशी सफारीतले एक गृहस्थ उभे. नागपूरहून बदली होऊन आलेले, मुक्काम ठाण्याला वर्तकनगरात. नाव वामनराव खापेकर. हरवलेल्या रेशनकार्डाचं प्रतिज्ञापत्र कुठे करतात, ते विचारत होते.

"सगळं करू, साहेब. आधी इथे सही करा," मालन म्हणाली. "तुम्ही मला ओळखता म्हणून."

"पण मी तर नाही ओळखत, बाप्पा."

"म्हणूनच!"

"असं कसं? आधी ओळख तर होऊ द्या. नाव काय तुमचं? गाव कोणतं?"

"सांगू नकोस!" आबा खुर्चीतून ताडकन उठले. "साहेब, एकदा ओळख झाली की तुम्ही कामातून गेलात! घाई करा!"

पेन हातात कोंबलं गेलं. खापेकर एवढे गोंधळले, की सही करून मोकळे झाले. पाचला तीन मिनिटं कमी असताना कागद खिडकीत पडला. आनंदाने आबांनी खापेकरांना चहा पाजला आणि मालनने आपली सगळी हकिगत सांगितली. त्या गडबडीत कचेरी बंद झाली.

महिन्याभराने परवाना आला, पाटी लागली. उद्घाटनाला पहिलं गिऱ्हाईक खापेकरच. रेशनकार्ड अजून हरवलेलंच. मालनने झकास प्रतिज्ञापत्र लिहिलं, चार सदरहू घातले. खापेकरांनी ओळखीच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथे तुमची सही."

मालन ओशाळली. "साहेब, तुम्हाला मी ओळखते हो."

"मग?"

"मग कशी करू? आणि आबांनी तर तुम्हाला चहा पाजलाय."

"अहो, इथे माझं दुसरं कोणीच नाही!" खापेकर काकुळतीला आले.

तेवढ्यात मनुबाई डबा घेऊन आली. मालनचा चेहरा उजळला. तिने शाईचं पॅड पुढे केलं.

"यो कोन गो?" मनुबाईने खापेकरांना खालून वर न्याहाळत विचारलं.

"सदरहू इसम."

"हां, सदरू!" तीन वर्षांनी अखेर मनुबाईला तो भेटला. तिने पदराला अंगठा पुसला. "कंदी बगला नाय याला. कुठं उठवू?"