पान अठ्ठ्याऐंशी

दूरशिक्षणाच्या एम.ए.मध्ये समाजशास्त्र शिकवणाऱ्या भणगे सरांनी ऑनलाइन चर्चामंचावर आल्या आल्या दम भरला होता: “लेखकाचं नाव, पुस्तक, साल, पान. याशिवाय लिहिलेली ओळ म्हणजे चावडीवरच्या गप्पा.” दहापैकी सहा गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येणार होतं, नाहीतर वर्ष वाया.

मग काय, संदर्भांचा पूर आला. कुणी लिहिलं, ‘स्रोत: गुगल’. जयमालाने लिहिलं, ‘स्रोत: माझे मिस्टर’. शेवगावच्या गोरक्षने तर संदर्भसूची फ्लेक्सच्या चालीवर लावली. वर सन्माननीय भणगे सर, मग प्राचार्य, मग सभापती, तळाशी ‘समस्त मित्रपरिवार’. फोटो तेवढे राहिले.

सुकन्याने मात्र जिवाला लावून घेतलं. लहानगी लेक दिशा नाकात वाटाणा घालत नाही ना, हे एका डोळ्याने बघत तिने घोडेगावच्या जनावरांच्या बाजारावर लिहिलं. गाय विकली तरी तिच्या गळ्यातलं दावं घेणाऱ्याला देत नाहीत, ते सोडून घरी आणून गोठ्यात टांगतात. हे तिला सांगितलं सासूबाईंनी, चाळीस वर्षं त्या बाजारात उभ्या राहिलेल्या बनाबाईंनी. म्हणून खाली लिहिलं: ‘बनाबाई, वय चौसष्ट, घोडेगाव, प्रत्यक्ष मुलाखत’, आणि तारीख.

गुण पडले तीन. शेरा: “घरगुती माहिती. प्रमाण ग्रंथ द्यावा. दुरुस्तीची मुदत आज पाचपर्यंत.”

पाठोपाठ गोरक्षची नोंद झळकली. परिच्छेद तिचाच, स्वल्पविरामासकट. खाली संदर्भ: ‘डॉ. कल्याण भणगे, ग्रामीण समाज: काल, आज आणि परवा’. गुण नऊ. शेरा: “अभ्यासू मांडणी!”

तिने फोन लावला. “गोरक्षदादा, माझं लिहिलेलं उचललंत तुम्ही.”

“उचललं न्हाई ताई, संदर्भ सुधारून दिला. तुमी बी सरांचं नाव टाका की. काय जातंय?”

“पण सरांच्या पुस्तकात हे आहे का?”

“आता ते कोण बघतंय? सरांनी तरी लिहिल्यावर कुठं वाचलं असंल!”

साडेतीन वाजले होते. सुकन्याने बनाबाईंचं नाव खोडून सरांचं टाइप करायला घेतलं. ओट्याशी शेंगा सोलणाऱ्या बनाबाईंनी मान वर केली.

“काय गं, तोंड का उतरलं?”

“आत्या, तुम्ही सांगितलेलं सरांच्या नावावर टाकायचं म्हणतात.”

“आं? त्यो कधी आल्ता बाजारात?”

सरांचं पुस्तक सगळ्यांनी सक्तीने घेतलं होतं. तिची प्रत दिशाच्या उंच खुर्चीखाली टेकू म्हणून होती. तिने ती ओढून काढली आणि पानं उलटायला लागली. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर ओळ सापडली: ‘जनावर विकताना दावेही खरेदीदारास देण्याची प्रथा सर्वत्र आढळते.’

तिने बनाबाईंना वाचून दाखवलं.

“दावं देऊन टाकलं?” बनाबाई खवळल्या. “मग गोठ्यात काय टांगतो, डिग्री?”

हे लिहिलं तर सर डूख धरतील. काहीच न बदललं तर तीनच गुण, परीक्षा नाही. आणि सरांचं नाव टाकावं तर ते धडधडीत खोटं. चार चाळीसला तिने बनाबाईंचं नाव परत होतं तसं टाकलं आणि खाली भर घातली: “गोरक्ष यांनी दिलेला ग्रंथ पाहिला. पृष्ठ ८८ वर नेमकं उलट आहे. ग्रंथ आणि बाजार यांत मतभेद दिसतो. सरांनी मार्गदर्शन करावं.” बटण दाबलं आणि फोन पालथा टाकला.

मंचावर एरवी सरांच्या ‘सुप्रभात’लाही चाळीस अंगठे उठायचे, आता एक अंगठा हलेना.

पाचला पाच कमी असताना निकाल आला. गोरक्षचे गुण नवावरून शून्यावर: “ग्रंथ न वाचता संदर्भ दिला.” सुकन्याचे तीनवरून सहा, काठावर पास. शेरा: “प्रमाण ग्रंथाचा पृष्ठांकासह उल्लेख केल्याबद्दल. मुलाखत वगळल्यास चालेल.”

ती दोनदा वाचून हसली, मग तिला रागही आला.

“झालीस का पास?” बनाबाईंनी विचारलं.

“झाले. पण तुमच्यामुळे नाही म्हणे, पुस्तकामुळे.”

“माझं नाव काढलं का?”

“नाही काढलं. वर तुम्ही, खाली सर.”

“ऱ्हाऊ दे,” बनाबाई शेंगांकडे वळल्या, “पर त्याला सांग, खाली तरी नीट उभं ऱ्हा म्हनावं.”