टोपी घातलेली बॅटरी

तिसरी बॅटरीही मेलेलीच निघाली, तेव्हा मास्तरांनी डाव्या खिशात पुन्हा हात घातला. खिशात आता एकच उरली होती. तिची प्लॅस्टिकची टोपी काढून त्यांनी ती कॅमेऱ्यात सरकवली, बटण फिरवलं. पडद्यावर लाल खूण एकदा लुकलुकली आणि विझली.

"काय मास्तर, रुसला का कॅमेरा?" शिडीवरून लाइटवाल्याने विचारलं. दोघांनी मिळून या हॉलमध्ये कितीतरी लग्नं केली होती. एकाने उजेड लावायचा, दुसऱ्याने टिपायचा. पाहुण्यांना दटावून रांगेत उभं करण्याच्या सवयीवरून 'मास्तर' हे नावही त्यानेच ठेवलेलं.

"सगळ्या रिकाम्या आहेत."

"अहो, टोप्या तर होत्या!"

"होत्या ना."

टोप्यांचा नियम लाइटवाल्यालाही पाठ होता. घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हाच मास्तरांच्या बायकोने तो घालून दिला होता. टोपी घातलेली ती जेवलेली, उघडी ती उपाशी. लग्नाच्या आदल्या दिवशी ती बॅटऱ्या चार्जरला लावायची, भरलेल्या बॅटरीला टोपी बसवायची आणि सकाळी सगळ्या त्यांच्या डाव्या खिशात ठेवायची. संपलेल्या उघड्याच उजव्या खिशातून घरी परतायच्या. भर गर्दीत डोकं चालवावं लागत नसे, बोटांनाच कळे. इतर फोटोवाले घरून निघताना प्रत्येक बॅटरी कॅमेऱ्यात घालून बघतात. मास्तरांनी कधीच बघितली नाही. बायको ताट वाढते तेव्हा कोणी वजनकाटा घेऊन बसतं का?

पण हल्ली ती विसरायला लागली होती. दूध कपड्यांच्या कपाटात सापडायचं, किल्ल्या फ्रिजमध्ये. मध्यंतरी तिने विचारलं, "पोरगी शाळेतून आली का हो?" त्या पोरीला आता स्वतःची पोरगी होती. लेक फोनवर कळवळून सांगे, "बाबा, आईला डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढू नका." मास्तर म्हणत, "वयानुसार होतं गं. बॅटऱ्यांचं बघ, एकदा तरी चुकली का?" मनाशी त्यांनी एक रेघ आखून ठेवली होती. बॅटऱ्या भरलेल्या येतात तोवर बाकीचा सगळा नुसता विसरभोळेपणा.

त्यांनी हॉलच्या कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"अगं, काल चार्जर लावल्यावर बटण दाबलं होतंस ना?"

"कुठलं बटण?"

"भिंतीवरचं."

"टोप्या घातल्यात ना मी सगळ्यांना," ती म्हणाली. मग दबक्या आवाजात, "का हो? काही चुकलं का माझं?"

"नाही गं. सहज विचारलं. दार लावून बस."

फोन ठेवल्यावरही ते भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले. चार्जर घरी होता, आणि कॅमेरा इतका जुना, की त्याची बॅटरी कुणाकडे उसनी मिळायची सोय नव्हती. लाइटवाला न विचारता शिडीवरून उतरला. आपल्या माणसाच्या हातात मोटारसायकलची किल्ली देत म्हणाला, "वहिनींना म्हणावं, मास्तरांनी चार्जर मागवलाय. बाकी चकार शब्द काढू नकोस."

एवढ्यात नवरी साडी सावरत धावत आली. "काका, बाबा आले!"

तिचे वडील दुपारनंतर येणार होते. पण हॉस्पिटलने आत्ताच, तासाभरासाठी सोडलं होतं, तेही नर्स सोबत देऊन. दारातून चाकाची खुर्ची आत आली. खुर्चीतला माणूस कोटात हरवून गेला होता. मनगटावर सुईची चिकटपट्टी तशीच होती.

"फार वेळ नाही हं," नर्स म्हणाली.

"एकच फोटो," वडील म्हणाले. "मुलीबरोबर. तेवढ्यासाठीच आलोय."

मास्तरांनी उजव्या खिशातून सकाळपासून वापरलेली उघडी बॅटरी काढली. मागच्या लग्नापासून कॅमेऱ्यातच राहिलेल्या या निम्म्या बॅटरीतच तेवढी खरी वीज होती, आणि तीही मघाशीच संपली होती. संपलेली बॅटरी थोडा वेळ निवांत पडली की किंचित जीव धरते. थंडीत तिच्या आतली रसायनं आळसावतात, ऊब दिली की जरा हलतात. हॉलमधला एसी तर हाडं गोठवत होता. मास्तरांनी सदऱ्याची बटणं सोडून बॅटरी काखेत दाबली.

"अंडं उबवताय काय?" लाइटवाल्याने हसायचा प्रयत्न केला, पण मास्तरांचा चेहरा बघून दिवा खुर्चीकडे वळवला.

त्यांनी फ्लॅश काढून ठेवला. तो वीज खातो. कॅमेरा चालू न करताच भिंगातून चौकट ठरवली. खुर्चीत वडील, मागे उभी मुलगी. पाहुणे गोळा झाले, मोबाईल वर आले, आणि जन्मभराच्या सवयीने मास्तर करड्या आवाजात म्हणाले, "मोबाईल खाली! सगळे मोबाईल खाली! आधी माझा होऊ द्या."

सगळ्यांनी शहाण्या मुलांसारखे हात खाली घेतले.

मास्तरांनी काखेतली बॅटरी आत सरकवली, बटण फिरवलं. लाल खूण पेटली आणि टिकली. त्याच क्षणी वडिलांनी हात वर केला. मुलगी खाली वाकली आणि तो हात तिच्या गालाला लागला. मास्तरांनी बटण दाबलं.

खट्. आवाज स्वच्छ आला.

"आला?" वडिलांनी विचारलं.

कॅमेरा मास्तरांच्या हातात विझला होता. "आला," मास्तर म्हणाले.

"मग झालं माझं काम," म्हणत वडिलांनी मान मागे टेकली. कुणी मोबाईल वर करण्याआधीच नर्सने खुर्ची वळवली होती.

चार्जर आला. हॉलच्या स्वयंपाकघरात पातेल्यांच्या शेजारी बॅटरी भरत राहिली आणि उरलेलं लग्न नीट टिपून झालं. हात मोकळा झाल्यावर मास्तरांनी तो फोटो उघडला. कॅमेऱ्याने टिपला होता, पण कार्डावर लिहिता लिहिता वीज संपली होती. वरचा अर्धा भाग होता. मुलीचा वाकलेला चेहरा, गालावर बोटं, मनगटावरची चिकटपट्टी. तिथून खाली सगळं सपाट राखाडी.

उद्या सकाळीच हॉस्पिटलात जायचं, पुन्हा फोटो काढायचा, असं ठरवून ते घरी गेले.

सकाळी ते स्वतः चार्जरपाशी बसले होते. एक बॅटरी भरून झाली होती, दुसरी लावलेली, तीन शेजारी उघड्या पडलेल्या. बायको दारात येऊन थबकली.

"हे माझं काम ना?"

"लवकर जाग आली, म्हणून लावली."

"माझा भरवसा नाही राहिला, असं सांगा की सरळ."

तेवढ्यात फोन वाजला. नवरी होती. वडील पहाटे गेले, असं तिने सांगितलं. आवाज रडून रडून कोरडा झाला होता. "काका, कालचा तो फोटो मोठा करून द्याल? घरात ठेवायला. आजारपणात त्यांनी दुसरा काढूच दिला नाही कुणाला."

मास्तर उठून उभे राहिले. "बाळ," ते म्हणाले, "अर्धाच आलाय तो. बॅटरी संपली होती. चूक माझी आहे, मी बघून घ्यायला हवं होतं."



"कुठला अर्धा?"

"वरचा. तू आहेस. आणि तुझ्या गालावर त्यांचा हात."

"चेहरा?"

"नाही."

कुणीतरी तिला आतून हाक मारली. "तेवढा हात द्या मग," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मास्तर वळले. बायको चार्जरसमोर बसली होती. उघड्या बॅटऱ्यांतली एक तिच्या तळहातावर होती, दुसऱ्या हातात टोपी.

"टोपी घातलेली ती..." ती म्हणाली आणि अडली. त्यांच्याकडे बघत राहिली. शाळेतलं पोर फळ्यापुढे उभं राहून बघतं तशी.

"जेवलेली," मास्तर म्हणाले.

"तेच. मला ठाऊक होतं."

तिने टोपी बसवली, अंगठ्याने दाबून पक्की केली. मग पदराने बॅटरी पुसून त्यांच्यापुढे धरली. मास्तरांनी ती रिकामी बॅटरी घेतली आणि डाव्या खिशात ठेवली.