चिमटा लावायचा राहिला

मित्रांनो, मी एक जुना, विटलेला पडदा आहे. जाड निळं कापड, मागे काळं अस्तर, मधोमध दोन भाग. शेजारपाजारचे कपडे शिवून देणाऱ्या ताईंनी मला आपल्याच मशीनवर शिवलं. मी कुठल्या गिऱ्हाइकाचा नव्हतो. ताईंनी मला स्वतःच्या डोक्यासाठी शिवलं होतं.

ताईंना अर्धशिशीचा त्रास. आधी डोळ्यांपुढे चकाकती, वेडीवाकडी रेघ नाचू लागे आणि मग अर्धं डोकं असं ठणके की उजेड, आवाज, साबणाचा वाससुद्धा सोसत नसे. मग त्या आत येत, खिडकीवर मला ओढून घेत आणि माझे दोन्ही भाग कपड्यांच्या चिमट्यानं घट्ट जोडत. उन्हाची एक तिरीप आत शिरेल तर शपथ!

चिमटा लागला की घर चिडीचूप. सासूबाई रेडिओ बंद करत. ताईंचे यजमान शाळेची गाडी चालवत. त्यांचा आवाज मुळातच हॉर्नसारखा, पण तेही चपला हातात घेऊन वावरत. कुणी हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही, असा घरचा नियमच होता. बरं वाटलं की ताई आपणहून चिमटा काढत. "हा पडदा नसता तर माझं काही खरं नव्हतं," असं त्या म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे माझा रंग उडाला. "हे लक्तर फेका आता," असं एक शेजारीण म्हणालीही. ताईंनी मात्र मला कधी उतरवलं नाही.

एका दुपारी मशीन मध्येच थांबलं. ताई आत आल्या. उजवा हात नुसताच लोंबत होता. डाव्या हातानं त्यांनी मला कसंबसं ओढलं, पण चिमटा खाली पडला. त्याच्याकडे पाहत त्या पलंगावर कलंडल्या. माझ्या फटीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं. मला काहीतरी भलतंच वाटत होतं, पण पडद्याला कुठलं आलंय तोंड?

यजमान घरी आले. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "पडदा ओढलाय. पडू दे तिला."

मान डोलावून ते वळले आणि दारातच थबकले.

"आई, हिच्या तोंडावर ऊन आहे. उन्हात ही अशी स्वस्थ पडेल?"

इतक्या वर्षांचा नियम मोडून ते आत आले. "काय गं, चिमटा नाही लावलास?"

ताई बोलल्या, पण एकही शब्द कुणाला कळेना. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. यजमानांनी मला असं खसकन ओढलं की माझ्या दोन कड्या उसवल्या. गाडी दारातच होती.

पुढचं मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. तो पक्षाघाताचा झटका होता. त्या शेवटच्या बऱ्या कधी होत्या, हे डॉक्टरांनी आधी विचारलं. "जेवणानंतर मशीन वाजत होतं की," सासूबाई म्हणाल्या. उशीर झालेला नव्हता, औषध देता आलं. अर्धशिशीआधी अशा रेघा दिसणाऱ्यांना हा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, असं डॉक्टरांनी समजावलं. सगळ्यांनाच झटका येतो असं नाही, पण काही वेगळं दिसलं तर नेहमीचंच आहे म्हणून थांबू नका, असंही सांगितलं.

ताई परत आल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. हात हळूहळू वळू लागला. पहिल्यांदा त्यांनी माझ्याच कड्या शिवल्या. टाके वाकडे आले. "हे गिऱ्हाईक काही तक्रार करायचं नाही," यजमान म्हणाले. सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

मित्रांनो, दुखणाऱ्या माणसाला शांतता जरूर द्या, पण त्याला शांततेत एकटं सोडू नका. आता आमच्याकडे चिमटा लागला की थोड्या वेळानं सासूबाई येतात आणि माझा कोपरा जरासा उचलतात.

"हात वर कर बघू दोन्ही. आता हस."

"डोकं फुटतंय आणि हस म्हणे," ताई कुरकुरतात, पण हसतात. दोन्हीकडून सारखंच.

मग सासूबाई मला नीट सोडतात, चिमटा चाचपून पाहतात आणि पाय न वाजवता बाहेर जातात.