गिरणीवाल्यांची कन्याशाळा

सकाळची प्रार्थना संपली. पूर्वी कल्याणच्या कन्याशाळेत यानंतर वाचनाचा तास होई. गेल्या दिवाळीपासून मात्र मुली प्रार्थना होताच कोपऱ्यातल्या गोणपाटाच्या ढिगाकडे वळत. आजही वळल्या. प्रत्येकीने सुतळी घेतली, दाभण घेतले आणि मास्तरीण विमलाबाईंकडे न पाहताच पोती शिवायला सुरुवात केली.

ही शाळा गावाची होती. पण मुलींच्या शिक्षणावर खर्च करणे झेपत नाही असे म्हणून म्युनिसिपालिटीने ती भाताच्या नव्या गिरणीच्या कंपनीच्या स्वाधीन केली. कंपनीने छप्पर शाकारून दिले, नव्या पाट्या आणल्या. गाव खूश झाले. मग दारावर कंपनीचे नाव लागले, भूगोल गेला, वाचन गेले आणि तांदळाची पोती शिवणे हे 'हस्तकौशल्य' म्हणून शिकवले जाऊ लागले. मुली परीक्षेत उतरल्या तर मिळणारी सरकारी मदत मात्र कंपनीच घेई. तेवढ्यापुरता एक धडा मुलींकडून पाठ करून घ्यावा, असा हुकूम होता.

शालू आज शिवत नव्हती. दहा वर्षांची ती पोर उजवा हात परकराखाली लपवून बसली होती.

"शालू, हात दाखव."

"काय नाय झाला, बाई."

विमलाबाईंनी हात ओढून वर घेतला. तर्जनी काळीनिळी पडून सुजली होती. मागल्या आठवड्यात दाभण आरपार गेले होते, ते तिने कोणाला सांगितले नव्हते. अंगात ताप होता.

तेवढ्यात विश्रामशेठ आत आले. ते कंपनीचे एजंट होते आणि म्युनिसिपालिटीचे सभासदही. शाळा कंपनीला द्यावी हा ठराव त्यांनीच मांडला होता.

"बाई, उद्या ठाण्याहून शाळाखात्याचे डेप्युटी परीक्षा घ्यायला येतायत. पोती मागच्या पडवीत हलवा. धडा चोख म्हणवून घ्या."

"आधी या मुलीला दवाखान्यात नेते."

"हळद लावा. ही उद्या पुढच्या ओळीत हवी. सगळ्यांत स्पष्ट हीच म्हणते."

विमलाबाई उठल्या. शालूचा डावा हात धरून त्या तडक बाहेर पडल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोट पाहिले आणि मान हलवली. विष वर चढत होते. बोट ठेवले तर हात जाईल, म्हणाले. निरोप गेला तशी शालूची आई तुळसा मिठागरावरून धावत आली. पायांना अजून चिखल होता. पलीकडच्या खोलीतून पोरीची किंकाळी आली, तेव्हा तिने विमलाबाईंचा पदर मुठीत धरला.

"बाई, मी माझे पोरीला शालंत धाडली व्हती ना? गिरनीत नाय ना धाडली? मंग हा कसा झाला वो?"



संध्याकाळी त्यांचे यजमान श्रीपादपंत जेवायला बसले. ते कोर्टात कारकून होते, स्वभावाने सौम्य. सारे ऐकून त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"उद्या तू बोलणार आहेस, हे मला तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय. पण विचार कर. विश्रामशेठ शाळेला कुलूप ठोकतील. अर्धवट का होईना, शाळा आहे."

"शाळा आहे कुठे? तुम्हीच सांगा. मी मुलींकडून धडा पाठ करून घेते, त्यातला एक शब्द त्यांना वाचता येत नाही. आणि मला त्या बाई म्हणतात!"

"गाव तुला दोष देईल."

"देऊ दे. तुम्ही देणार का?"

श्रीपादपंतांनी खाली ठेवलेला घास उचलून खाल्ला. मग म्हणाले, "नाही. भात वाढ."

दुसऱ्या दिवशी डेप्युटी साहेब खुर्चीवर बसले. शेजारी विश्रामशेठ. पहिल्या मुलीने पुस्तक धरून धडा खणखणीत म्हटला. दुसरीनेही तोच म्हटला.

"वा! उत्तम तयारी," डेप्युटी म्हणाले.

"साहेब," विमलाबाई उठल्या. त्यांचा आवाज कापत होता. "यांना पास करू नका."

विश्रामशेठ हसले. "बाई घाबरल्यात, साहेब."

"घाबरले आहेच. तरी सांगते. या मुलींना वाचता येत नाही. वर्षभर त्या पोती शिवतात. पान उलटून पाहा, मग पडवीत चला. माझ्या सगळ्यांत हुशार मुलीचं बोट काल कापावं लागलं."

डेप्युटींनी पान उलटले. पुस्तक हातात घेऊन मुलगी गप्प उभी राहिली आणि हळूच रडू लागली. साहेब उठून पडवीत गेले. परत आले तेव्हा परीक्षा पुढे न घेताच त्यांनी टोपी उचलली.

सरकारी मदत थांबली. त्याच आठवड्यात कंपनीने शाळेला कुलूप लावले. "बाईने शाळा बुडवली," असे पाणवठ्यावर उघड बोलले जाऊ लागले.

म्युनिसिपालिटीची सभा भरली त्या दिवशी विमलाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर एकटी तुळसा होती.

"शाळा गावाची आहे. गावाने परत घ्यावी," विमलाबाई म्हणाल्या.

"विचार करू," अध्यक्ष म्हणाले. विश्रामशेठ खिडकीबाहेर पाहत होते.

"करा. तोवर मी कुलपाबाहेर शिकवीन."

दुसऱ्याच दिवशी त्या जाऊन शाळेच्या पायऱ्यांवर बसल्या. पहिल्या दिवशी तीनच मुली आल्या. शालूच्या उजव्या हाताला पट्टी होती. पाटीकडे पाहत ती म्हणाली, "बाई, डाव्या हातान सरस्वती काढली तं पाप लागंल ना?"

विमलाबाईंनी तिच्या डाव्या मुठीत पेन्सिल दिली, वर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, "लागलंच तर ते तुला नाही लागायचं, बाळ."

रस्त्याने जाणारे दोन सभासद ते ऐकून थबकले. मग मान खाली घालून पुढे गेले.

वाचकहो, पाटीवर सरस्वतीखाली वाकडातिकडा 'श' उमटत होता, आणि मागे कुलूप तसेच होते. त्याची किल्ली गावाने दुसऱ्याला दिली होती. ती परत मागायला म्युनिसिपालिटीच्या दारात दोनच बायका का उभ्या होत्या?