पडद्यावर चालू असलेल्या बॅटऱ्या

ट्रकमध्ये चढवताना ड्रायव्हरच्या हातून खोकं निसटलं आणि फुटलं, म्हणून कळलं तरी. आत वायरलेस सेटच्या वीस बॅटऱ्या. त्यातल्या चौदा फुगलेल्या, टोकांना पांढरी भुकटी साचलेली. आणि माझ्या टेबलावरचा संगणक छातीठोकपणे सांगत होता, 'तपासल्या, चालू.'

सव्वीस वर्षं मी सैन्याच्या या गोदामात सामान सांभाळतोय. पूर्वी एकेक बॅटरी मीटरला लावायची, आकडा वहीत लिहायचा, मगच सही. दोन वर्षांपूर्वी वह्या रद्दीत गेल्या आणि स्कॅनर आला. दिवसाला चारशे नग तपासून झाले नाहीत, की वरिष्ठांच्या पडद्यावर आमचं गोदाम लाल दिसतं आणि साहेबांना फोन येतो. चारशे नग कोण मीटरला लावत बसणार? साहेबांनीच युक्ती काढली. खोक्यांवरच्या बारकोडच्या पट्ट्यांची झेरॉक्स काढली आणि एका पुठ्ठ्यावर चिकटवली. खुर्चीत बसून पुठ्ठ्यावरून स्कॅनर फिरवायचा, टीं टीं टीं, झाली तपासणी! आम्ही खो खो हसायचो. मीही हसायचो, आणि आज त्या हसण्याचीच चीड येते.

हा माल सीमेवरच्या चौक्यांवर जाणार होता. त्यातल्याच एका चौकीवर माझी धाकटी लेक वायरलेस सांभाळते. तिकडे मोबाइल लागत नाही. हल्ला झाला तर मदत मागायला तिच्याजवळ तेवढा एक सेट.

मी फुगलेली बॅटरी साहेबांच्या टेबलावर आपटली.

"सिस्टिम हिरवी आहे ना? मग ट्रक सोडा," ते म्हणाले.

"साहेब, ही बॅटरी बघा! सिस्टिम काय बघताय?"

"थांबवायला कारण टाकावं लागतं. काय टाकू?"

"खरं ते टाका."

"काका, तपासणीखाली नाव तुमचं आहे." साहेब माझ्या पोरांच्या वयाचे, आवाज अगदी मायेचा. "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

त्या मायेनं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी लेक तिकडे मेलेला सेट कानाला लावून बसणार, आणि याला माझ्या निवृत्तीची काळजी!

मी माझ्या संगणकावर गेलो. कारणांच्या यादीत सगळ्यात खाली होतं, 'खोटी तपासणी'. ते निवडलं, स्वतःचा पासवर्ड घातला आणि बटण दाबलं. फाटकावरून फोन आला, ट्रक अडवलाय. क्षणभर बरं वाटलं.

मग पडद्यावर आपोआप दुसरी यादी उघडली. याच लॉटमधल्या बॅटऱ्या आधी कुठे कुठे गेल्या, त्याची. दुसऱ्याच ओळीत लेकीची चौकी होती. पोचल्याची तारीख गेल्या मंगळवारची.

नव्या दिल्या की जुन्या त्याच गाडीनं परत आणायच्या, असा आमचा नियम. त्या चौकीच्या जुन्या, धडधाकट बॅटऱ्या आमच्याच मागच्या खोलीत पडून होत्या.

साहेब माझ्या खांद्यामागून वाचत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्ताच्या आत्ता चौकीला वायरलेसवर कळवा," ते ओरडले. "सांगा, त्या बॅटऱ्या वापरू नका!"

"आणि ती ऐकणार कशावर?" मी त्यांच्या दुप्पट ओरडलो. "कुठल्या बॅटरीवर, साहेब?"