बांध नसलेला तुकडा

ते २०१६ साल. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं आणि देवणीत उदगीर जिल्हा होणार याचीच चर्चा होती. गायरानाच्या कडेला दिलशाद चार पंख्यांचं यंत्र जोडत बसली होती. साखराबाई तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"लालमहंमदची लेक ना गं तू? पंपाच्या जळक्या मोटारी भरायचं दुकान हाय त्येची?"

"हाव, मावशी. कॉलेजात हे बनवून राहिले. आत माणूस नसतो, तरी उडतं."

"कशापायी?"

"वरून जमिनीचा ताप मोजतं. जमीन कमी तापली, तर खाली ओल असंल."

"पाणी जमिनीत, अन् तू हुडकतीस आभाळातून."

दिलशाद हसली. "आज नुसतं उडवून बघते, मोटारी लई गरम होऊन राहिल्यात. परवा पुऱ्या गायरानाचा फोटो काढणार."

फोटो म्हटल्यावर साखराबाई यंत्रापासून दोन पावलं मागं सरली. बौद्ध वस्तीतली तिच्यासारखी काही घरं ते गायरान वर्षानुवर्षं कसत आली होती, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचंच नव्हतं. नवा जिल्हा झाला की कचेऱ्यांना जागा लागणार आणि पहिला हात गायरानावर पडणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दुष्काळात रानात पीक नव्हतं. वरून दिसणार होते ते बांधच, आणि बांध दिसला की जमीन कुणी कसतंय हे सरकारला कळणार होतं.

तिनं ही भीती बोलून दाखवली तेव्हा शेजारच्या तुकड्याचा भीमा म्हणाला, "अक्का, लालमहंमदची पोरगी काय तलाठी हाय व्हय?"

"तलाठी आला तर कुत्रं तरी भुंकतं. ह्ये वरून येतंय."

दोन दिवस ती एकटीच राबली. तिच्या नवऱ्यानं, व्यंकटीनं, हयातभर तुकड्याभोवती रचलेला दगडी बांध तिनं उकलून ओढ्यात टाकला. माती सारखी केली, वर काट्याकुट्या पसरल्या.

यंत्र उडालं, उतरलं. दिलशादनं लॅपटॉपवर फोटो दाखवला. भीमाचा तुकडा, शेषेरावचा तुकडा, सगळ्यांच्या रेघा ठसठशीत. मधली एक जागा तेवढी माळासारखी.

"इथं कुणी पेरत न्हाई का, मावशी?"

साखराबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. तिला एकदम हलकं वाटलं.

"कुणीच न्हाई."

दिलशादनं त्या जागेवर 'पडीक' असं लिहिलं.

जिल्हा काही झाला नाही. पुढं काही वर्षांनी तहसीलनं कसणाऱ्यांकडं जुन्या वहिवाटीचा पुरावा मागितला, तेव्हा लोकांनी तोच फोटो नेऊन जोडला. भीमाचं नाव लागलं, शेषेरावचंही लागलं. साखराबाईच्या तुकड्याला वनीकरणाच्या कुंपणाची तार पडली. दिलशाद तिच्या बाजूनं साक्ष द्यायला तहसीलला आली होती, पण त्या जागेवर 'पडीक' लिहिलेला फोटोही तिचाच होता. ती आता नांदेडला फवारणीची यंत्रं बनवते. लालमहंमद वारला, दुकान बंद झालं.

साखराबाई भीमाच्या रानात खुरपायला जाऊ लागली. भीमा दर पेऱ्याला म्हणे, "अक्का, तुरीचे दोन तास तुझे समज, त्या ओळींतली तूर तुझी." ती मात्र दिवस कलला की इतर बायांसारखीच आपली मजुरी घेई, पदराची माती झटकी आणि तारेच्या कडेकडेनं घरी जाई.